झाकणामागचे तीन बोल्ट

"मामू, ते तीन बोल्ट मी टॉर्क केले होते ना?"

रात्रीचे साडेदहा झाले होते. भाचा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दोनदा साबण लावूनही नखांतला काळेपणा गेला नव्हता. प्रश्न मला विचारला असला तरी त्याचे उत्तर माझ्याकडे नाही हे त्याला ठाऊक होते. मी तीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. पान्याला हात लावला तो लहानपणी, अब्बांच्या मागे उभे राहून, तोही पाना पुसून देण्यापुरता. तरी त्या प्रश्नाने मला पुढचे तीन दिवस सोडले नाही आणि खरे सांगायचे तर अजूनही सोडलेले नाही. एखादी गोष्ट आपण केली की नाही हे आठवत नसेल, आणि ती आता झाकणाआड गेलेली असेल, तर आपले कर्तव्य काय? वरकरणी हा विसराळूपणाचा प्रश्न वाटतो. मला तो नीतीचा वाटतो.

आधी प्रसंग सांगतो. 2024 च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यात होतो. डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात तिचे घर आहे. आपल्याकडे कोकणात जसे माणसाच्या बोलण्यात आंबा आणि समुद्र येतो, तशी त्या भागातल्या माणसाच्या बोलण्यात मोटार येते. वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा मोठा रस्ता डेट्रॉईटच्या नदीकाठावरून निघून वायव्येला जातो. ह्याच रस्त्यावरच्या हायलँड पार्क कारखान्यात हेन्री फोर्डने 1913 साली मोटारजोडणीची चालती साखळी सुरू केली. आणि ह्याच रस्त्यावर 1995 पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या मोटारींची जत्रा भरते. दुतर्फा खुर्च्या टाकून माणसे बसतात आणि मधून मोटारी सावकाश जातात. उरुसात संदल निघावा तसा तो थाट.

भाच्याला त्या जत्रेत आपली गाडी न्यायची होती. गाडी 2002 सालची शेव्हरोले कॅमेरो, झेड-28. दुसऱ्याकडून घेतलेली, 5.7 लिटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची. कारखान्याने तिला 310 अश्वशक्ती दिली होती, ती त्याला पुरत नव्हती. "कशाला हवी आणखी?" मी विचारले. तो म्हणाला, "मामू, तुम्ही मनगटावर घड्याळ कशाला बांधता? फोनमध्ये वेळ दिसते की." हे उत्तर होत नाही, पण मी गप्प बसलो.

त्याने बदलायला काढला होता कॅमशाफ्ट. ज्यांचा मोटारीशी संबंध बसण्या-उतरण्यापुरताच आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घेण्याचा आणि धूर बाहेर सोडण्याचा असे व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा दोनेक फूट लांबीचा पोलादी दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. ह्या इंजिनात सोळा. खालचा क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो. क्रँक मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तेव्हा एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि मिटतो. जास्त ताकदीच्या कॅमशाफ्टचे उंचवटे व्हॉल्व्हला जास्त उचलतात आणि जास्त वेळ उघडे ठेवतात. त्यामुळे इंजिन वेगात असताना त्याला मोकळा श्वास मिळतो. पण गाडी उभी असताना हवेची आणि धुराची दोन्ही दारे एकाच वेळी थोडी उघडी राहतात आणि इंजिन अडखळत, धडधडत चालते. गंमत अशी की पोरांना तो अडखळण्याचा आवाजच हवा असतो. त्यासाठी ती पैसे मोजतात आणि शेजारी तो फुकट ऐकतात. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल मला तिथे काही बोलायचे होते, पण तो विषय दुसरा.

काम घरच्या गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी चालले होते. मी रोज जाऊन बसायचो. रेडिएटर उतरला, पाण्याचा पंप निघाला, क्रँकची पुली खेचून काढली, पुढचे झाकण निघाले. रॉकर आणि पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने त्याने पुठ्ठ्याला भोके पाडून लावून ठेवले. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त उचलणार, म्हणून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही बदलायच्या होत्या. आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरात पडू नये म्हणून आतला पिस्टन अगदी वर आणून ठेवायचा. कॅमशाफ्ट ओढून काढण्याआधी त्याने दोन लांब सळ्या इंजिनाच्या पुढच्या भोकांतून आत सरकवल्या. वर उचललेले लिफ्टर त्या सळ्यांवर टेकून राहतात. एखादा खाली तेलाच्या चेंबरमध्ये पडला तर चेंबर उतरवावे लागते आणि ह्या गाडीत ते सहजासहजी उतरत नाही. हे सगळे तो इतक्या सावधपणे करत होता की मला अब्बांची आठवण झाली. नातवाने आजोबांना पाहिलेले नाही.

कॅमशाफ्टच्या तोंडाला दातेरी चाक बसते, त्यावरून टायमिंग चेन क्रँकच्या चाकावर जाते. वरच्या चाकावर एक ठिपका, खालच्या चाकावर एक ठिपका. दोन्ही समोरासमोर आले पाहिजेत. वरचे चाक तीन बोल्टांनी कॅमशाफ्टला जखडायचे. प्रत्येक बोल्टला 26 फूट-पौंड इतका पीळ द्यायचा. तो मोजायला टॉर्क पाना असतो. ठरलेला पीळ झाला की पाना हातात 'कट्' करतो.

हेच ते तीन बोल्ट.

त्या शनिवारी त्याने चाक बसवले, तिन्ही बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, हाताने इंजिन फिरवून ठिपके पाहिले, तर एका दात्याचा फरक. बोल्ट पुन्हा सोडले, चाक काढले, दाता सरकवला, चाक परत बसवले आणि बोल्ट बोटांनी आत घातले. नेमके त्याच वेळी मी दारातून हाक मारली, "ताट वाढलंय, आधी जेवून घे." तो आला. अर्ध्या तासाने परत गेला. झाकण लागले, पुली बसली, पंप बसला, रेडिएटर चढला. आणि रात्री साडेदहाला प्रश्न आला.

म्हणजे हाक माझी होती. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. मी त्या गोष्टीत तटस्थ नाही.

आणि मला तर हे कळायला हवे होते. अब्बा मुंबईत नागपाड्याच्या एका गल्लीत टॅक्सी गॅरेजात मिस्त्री होते. त्या फिएट टॅक्सी 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, अब्बा त्याच्या कितीतरी आधी. इंजिनाच्या हेडचे नट ते मधून बाहेर असे तीन फेऱ्यांत आवळायचे. त्या वेळी कुणी "अस्सलामु अलैकुम" म्हणाले तर उत्तर द्यायचे नाहीत. नुसते डाव्या हाताचे एक बोट वर करायचे. शेवटचा नट झाला, पाना खाली ठेवला की मग वळून "वालेकुम सलाम". तोवर सलाम करणारा कधी निघूनही गेलेला असायचा, मग ते मोकळ्या दाराकडे बघून म्हणायचे. गल्लीत काही लोक त्यांना घमेंडखोर समजत. सलामचे उत्तर देणे आपल्यावर बंधनकारक असते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. अम्मी एकदा बोलली तेव्हा एवढेच म्हणाले, "सलाम थांबतो. नट मधेच राहिला तर ते नटालाही कळत नाही आणि मलाही."

हे मी ऐकलेले होते. तरी ताट थंड होते म्हणून हाक मारली.

आता त्याच्या शंकेकडे नीट पाहू. तो म्हणत होता, "पान्याचा कट् मला स्पष्ट आठवतो. तीनदा." त्याची आठवण खोटी नव्हती. पण ती सकाळची, पहिल्या वेळची की जेवणानंतरची? आठवणीवर तारीख-वेळ लिहिलेली नसते. एकच काम आपण दिवसात दोनदा केले की दोन्ही आठवणी एकमेकींवर बसतात आणि एक होऊन जातात. घराचे कुलूप लावले का, गॅस बंद केला का, हा रोजचा गोंधळ ह्यातूनच येतो. रोज लावतो म्हणूनच आज लावले का ते आठवत नाही. सवय जितकी पक्की तितकी तिची साक्ष कच्ची. वर्गात मी पुरावा आणि आठवण ह्यांवर वर्षानुवर्षे बोललो, पण खरी आठवण असूनही ती पुरावा होत नाही, हे मला इतके स्वच्छ त्या रात्रीच दिसले.

शेजारी एक म्हातारा राहतो, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला. सकाळी तो कॉफीचा मग घेऊन आला, सगळे ऐकले आणि म्हणाला, "तू आवळले असशीलच. तुझ्यासारखा पोरगा विसरत नाही. आठवडाभर चालव, काही झाले नाही तर झाले." बोलणे प्रेमाचे होते. पण त्याच्या दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पहिले वाक्य पोराच्या स्वभावावरून निष्कर्ष काढते. तो व्यवस्थित आहे, म्हणून ह्याही वेळी व्यवस्थित वागला असणार. हा अंदाज वाईट नाही. शंभरातल्या नव्वद वेळा खरा ठरेल. दुसरे वाक्य मात्र निराळे आहे. 'चालवून बघ' म्हणजे काय? बोल्ट ढिले असतील तर चाक कधीतरी सुटेल, चेनचा ताल जाईल, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील आणि इंजिन जागच्या जागी मरेल. तिथल्या महामार्गावर ताशी सत्तर मैलांनी जाताना ते झाले, तर स्टिअरिंग जड होते, ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते आणि मागून ट्रक येत असतो. म्हणजे आपल्या बोल्टांची तपासणी त्या ट्रकवाल्याच्या जिवावर करायची, तीही त्याला न विचारता.

इथे मला डब्ल्यू. के. क्लिफर्ड हा इंग्रज गणिती आठवला. 1877 साली त्याने विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुने, मुळात फार पक्के नव्हे, दुरुस्तीला आलेले. लोक शंका घेतात. त्यालाही वाटते की एकदा तपासून घ्यावे. पण मग तो मनाला समजावतो की आजवर इतक्या सफरी झाल्या, हीही होईल, देव एवढ्या प्रवाशांना सांभाळणार नाही का? हळूहळू त्याची खरोखर खात्री पटते. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, हा माणूस दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता ही सबब नाही, कारण तो विश्वास त्याने तपासून मिळवलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. आणि पुढे तो खरा टोला मारतो. समजा जहाज बुडालेच नाही, सुखरूप पोचले. तर त्याचा दोष कमी होतो का? तसूभरही नाही. नशिबाने तो पकडला गेला नाही, एवढेच.

उंट आधी बांध आणि मग तवक्कल कर, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असते. क्लिफर्डचे म्हणणे त्याहून थोडे कडक आहे. उंट पळाला नाही तरी न बांधल्याचा दोष राहतोच, असे तो म्हणतो.

भाच्याने मात्र माझ्याकडे क्लिफर्ड नव्हे, वेगळाच दाखला काढला. तो नमाजी आहे आणि हुज्जत घालण्यात त्याच्या आईवर गेला आहे. "मामू, नमाजमध्ये तीन रकाती झाल्या की चार अशी शंका आली तर आपण शाफई लोक काय करतो? कमी धरतो. तीन धरायच्या, एक आणखी पढायची, शेवटी सजदा-ए-सहव." मी म्हटले, "म्हणजे उत्तर मिळालं. आवळले नाहीत असं धर आणि उघड." तो म्हणाला, "थांबा. सलाम फेरल्यावर शंका आली तर? तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही. नमाज झाली. मी तर झाकण लावून रेडिएटरही चढवला. माझा सलाम फेरून झालाय."

तीस वर्षांत वर्गातल्या कुठल्या पोराने मला असे पकडले नव्हते. मला उत्तर सुचायला दुपार झाली. वजू पक्का असेल आणि तुटला का अशी नुसती शंका आली तर वजू कायम. रकात झाली का अशी शंका आली तर ती झाली नाही. दोन्ही नियम उलटे दिसतात, पण मूळ एकच आहे. जे खात्रीचे ते शंकेने हलत नाही. आता बोल्टांबद्दल खात्रीचे काय होते? दुसऱ्यांदा चाक बसवले तेव्हा ते नुसते बोटाने घातलेले होते, एवढेच खात्रीचे होते. त्यानंतरचे सगळे शंकेत होते. म्हणून ढिले धरायचे. आणि सलाम फेरल्यावरची सवलत? ती मला वाटते त्या व्यवहारात लागू होते जिथे घेणारा अल्लाह आहे, त्याला आपल्या विसरण्याचे सगळे माहीत आहे आणि तो माफ करू शकतो. इथे हक्क बंद्यांचा होता. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने माझ्या भाच्याला कुठलीच सवलत दिलेली नव्हती. दिली असती तर गोष्ट वेगळी. हे माझे म्हणणे आहे, फतवा नव्हे. जाणकारांनी चूक काढली तर मी ऐकेन.

त्याच नियमांत आणखी एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. हनफी मताप्रमाणे ज्याला अशी शंका पहिल्यांदाच आली त्याने नमाज नव्याने सुरू करावी. ज्याला ती वारंवार येते त्याने मनाचा कल जिकडे जास्त असेल तिकडे जावे, आणि कलच नसेल तर कमी धरावे. म्हणजे शंका कुणाला आली हेही पाहायचे. क्लिफर्डकडे ही सोय नाही. त्याच्या जगात सगळे निष्काळजी जहाजमालकच आहेत. दर रात्री चार वेळा उठून कुलूप ओढून बघणारा माणूस त्याला भेटलेला दिसत नाही. आपण त्याला वसवसा म्हणतो. वजू करताना हात दहा वेळा धुणारे म्हातारे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. त्यांना जास्त परहेजगार म्हणायचे की आजारी, हे ठरवताना लोक गोंधळतात.

मग फरक कसा ओळखायचा? मी भाच्याला एकच विचारले, "शंका कुठल्या क्षणाची आहे ते सांगता येतं का?" तो लगेच म्हणाला, "तुमची हाक." बस. त्या शंकेला पत्ता होता. काम कुठे तुटले ती जागा बोट ठेवून दाखवता येत होती. वसवशाला पत्ता नसतो. तो सगळीकडून येतो.

उघडणे काही फुकट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. क्रँकच्या पुलीचा मोठा बोल्ट ताणून बसणाऱ्या जातीचा असतो. त्याला आधी 37 फूट-पौंड आवळून पुढे 140 अंश फिरवायचे. त्यात तो कायमचा ताणला जातो, म्हणून दुसऱ्यांदा वापरायचा नाही. झाकण पुन्हा उघडायचे तर नवा बोल्ट हवा. पुली पुन्हा खेचायची, पाणी पुन्हा काढायचे. आणि दर वेळी उघडताना नवीन काहीतरी बिघडवण्याची, नवीन काहीतरी विसरण्याची संधी. तपासणीही कामच आहे, तिच्यातही चुका होतात. आधी नीट झालेले काम तपासण्यासाठी उघडले आणि त्यात बिघडले, असे अब्बांच्या गॅरेजात मी स्वतः पाहिले आहे.

फोर्डच्या साखळीत हा प्रश्नच नव्हता. तिथे बोल्ट घालणारा एक, नट चढवणारा दुसरा, आवळणारा तिसरा. कुणालाच काही आठवावे लागत नसे. त्या व्यवस्थेने माणसाचे काय केले ह्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बरेचसे खरे आहे. पण तिने माणसाच्या स्मरणावरचे ओझे उतरवले हेही मान्य करावे लागते. घरच्या गॅरेजात मिस्त्री तोच, तपासनीस तोच, मालक तोच. काम आपल्या हाताने केल्याचा जो आनंद त्या पोराच्या तोंडावर दिसत होता, त्याचीच ही किंमत. साक्षीदार कुणी नाही.

उलट बाजूचे उदाहरण देतो. 10 जून 1990 रोजी बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात वैमानिकासमोरची काच 17,300 फुटांवर उखडली. तो कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि तो वाचला. ही काच थोड्याच वेळापूर्वी बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 व्यासाने किंचित बारीक निघाले. ज्याने ती बसवली तो अनुभवी माणूस होता. त्याने जुना बोल्ट हातात धरून नवे नजरेने जुळवले आणि त्याला काहीही शंका आली नाही. मला त्या माणसाबद्दल वाईट वाटते. शंका यायला हवी होती ती आली नाही, ह्याला तो काय करणार? माझ्या भाच्याला ती आली. तिला त्रास म्हणायचे की देणगी?

बोल्ट मंगळवारी आला. तोवर गाडी तशीच उभी होती आणि भाचा कामावरून आला की गॅरेजकडे बघतही नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघे बसलो. पाणी काढले, रेडिएटर, पंप, पुली, झाकण. रात्री नऊला तीन बोल्ट दिसले. त्याने टॉर्क पाना 26 वर लावला आणि पहिल्यावर ठेवला.

कट्. बोल्ट हलला नाही. दुसरा, कट्. तिसरा, कट्.

तिन्ही पक्के आवळलेले होते.

तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "तीन दिवस, एक बोल्ट आणि पाणी. सगळं वाया." मी क्लिफर्डचे उत्तर देऊ शकलो असतो. जहाज सुखरूप पोचले तरी न तपासणारा दोषी असेल, तर काही न सापडले तरी तपासणारा बरोबर. तर्क बिनचूक आहे. पण रात्री नऊला, गुडघ्यापर्यंत कूलंट सांडलेल्या पोराला तो सांगायची मला हिंमत झाली नाही. शिवाय मनात एक कुसळ होते. त्याला उघडायला लावण्यात माझा तर्क किती आणि माझी हाक किती? बोल्ट सुटला असता तर माझ्यामुळे सुटला असता. माझी रात्रीची झोप परत मिळवण्यासाठी मी त्याचे तीन दिवस खर्च केले, असे कुणी म्हटले तर मी काय उत्तर देऊ? दोन्ही कारणे एकाच दिशेला बोट दाखवत होती एवढेच मी सांगू शकतो.

आणखी एक लक्षात आले. एखादा बोल्ट ढिला निघाला असता तर ही गोष्ट बहिणीच्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली असती. 'मामूने उघडायला लावलं म्हणून वाचलो.' बोल्ट घट्ट निघाले की गोष्ट होत नाही. ज्यांनी उघडून पाहिले आणि काहीच सापडले नाही, त्यांच्या कहाण्या कुणी सांगत नाही; आणि तपासणाऱ्यांत तेच जास्त असणार. म्हणून तरुण पोरांना वाटते की प्रामाणिकपणाचे फळ दर वेळी मिळते. मिळत नाही. बहुतेक वेळा मिळते ते सांडलेले पाणी.

ह्या वेळी झाकण लावण्याआधी त्याने तिन्ही बोल्टांच्या डोक्यावरून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली आणि फोनवर फोटो काढला. पुढच्या प्रत्येक बोल्टला तसेच. दोन रात्रींनी तो पुन्हा दारात आला. "मामू, डाव्या बाजूचे रॉकर..." मी विचारले, "कुठल्या क्षणाची शंका?" तो थोडा वेळ उभा राहिला. मग फोन काढला, फोटो बघितला आणि झोपायला गेला. आम्ही काही उघडले नाही.

17 ऑगस्टच्या सकाळी गाडी वुडवर्डला निघायची होती. बाहेर इंजिन अडखळत, धडधडत तापत होते आणि शेजारचा म्हातारा कुंपणापाशी उभा राहून ते ऐकत होता. निघण्याआधी भाच्याने इंजिन बंद केले आणि चाकांचे नट एकदा तपासायला घेतले, एकेका चाकाला पाच. मी घरातून बाहेर आलो आणि सवयीने म्हणालो, "अस्सलामु अलैकुम."

त्याने मान वळवली नाही. डाव्या हाताचे एक बोट वर केले. मी उंबऱ्यात थांबलो. त्याचे आणखी तीन नट राहिले होते.